सायकल एक, क्रमांक अनेक

सायकलीइतके परिचित यंत्र दुसरे क्वचितच असेल. दोन चाके, फ्रेम, साखळी, पायडल, ब्रेक आणि घंटी यांची नावे शाळकरी मुलालाही पाठ असतात. अशा वस्तूविषयी ‘ही सायकलच आहे काय?’ असे कोणी विचारले, तर तो प्रश्न थट्टेचा वाटेल. तथापि परदेशातून आलेली सायकल न्हावा शेवा, चेन्नई किंवा मुंद्रा येथील बंदरात उतरते, तेव्हा नेमका हाच प्रश्न गंभीरपणे विचारला जातो. त्याच्या उत्तरावर आयातदाराला किती शुल्क भरावे लागेल, हे ठरते. आणि अनेकदा त्याचा व्यवसाय नफ्यात राहील की तोट्यात जाईल, हेही ठरते.

या प्रश्नाचे उत्तर माल बंदरात आल्यावर शोधणे म्हणजे पूर आल्यावर बांध घालण्यासारखे आहे. ते पतपत्राचा, म्हणजेच लेटर ऑफ क्रेडिटचा अर्ज भरण्यापूर्वीच शोधले पाहिजे. आणि ग्राहकाने ते शोधले आहे की नाही, याची चौकशी करणे हे त्याला कर्जपुरवठा करणाऱ्या बँकेचेही कर्तव्य मानले पाहिजे. बँकिंग क्षेत्रात आज सर्वसाधारण समज याच्या उलट आहे. म्हणूनच या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे.

आठ अंकांची ओळख

जगातील व्यापारात फिरणाऱ्या बहुतेक सर्व वस्तूंना एका सामाईक पद्धतीने क्रमांक दिलेले आहेत. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. तिच्यात २१ विभाग असून प्रकरणांचे क्रमांक ९७ पर्यंत जातात. त्यांपैकी ७७ वे प्रकरण भविष्यकाळासाठी रिकामे ठेवलेले आहे. पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. त्यापुढील अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारतात सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत २००३ पासून आठ अंकी क्रमांक वापरले जातात.

सायकलीचे घर ८७ व्या प्रकरणात आहे. मोटर नसलेल्या सायकली आणि माल पोहोचविणाऱ्या तीनचाकी सायकली ८७१२ या शीर्षकाखाली येतात. सायकलीसाठी भारतीय क्रमांक ८७१२ ०० १० असा आहे. इथपर्यंत सर्व सोपे आहे. मात्र हीच सायकल सुटी करून तिचे भाग वेगवेगळे आयात केले, तर त्यांची पांगापांग होते. फ्रेम व फोर्क ८७१४ ९१ मध्ये, रिम व स्पोक ८७१४ ९२ मध्ये, ब्रेक ८७१४ ९४ मध्ये, सीट ८७१४ ९५ मध्ये आणि पायडल ८७१४ ९६ मध्ये जातात. साखळी मात्र या कुटुंबातून बाहेर पडते आणि लोखंड-पोलादाच्या वस्तूंच्या ७३ व्या प्रकरणात दाखल होते. टायर व ट्यूब रबराच्या ४० व्या प्रकरणात जातात, घंटी ८३ व्या, हातपंप ८४ व्या आणि दिवा ८५ व्या प्रकरणात जातो.

हा विस्कळीतपणा वाटला, तरी त्यामागे शिस्त आहे. अर्थनिर्णयाच्या सहा सामान्य नियमांपैकी पहिलाच नियम असे सांगतो की, विभाग व प्रकरण यांची नावे केवळ सोयीसाठी आहेत. वर्गीकरण ठरते ते शीर्षकाच्या शब्दांवरून आणि विभाग व प्रकरण यांना जोडलेल्या टिपांवरून. साखळीसारखे सर्वसाधारण उपयोगाचे भाग वाहनांच्या विभागातून वगळावेत, असे त्या विभागाची टीपच सांगते. लहान मुलांची दुचाकी सायकल खेळण्यांत न धरता ८७१२ मध्येच धरावी, पण मुलांच्या इतर सायकली ९५०३ या खेळण्यांच्या शीर्षकाखाली न्याव्यात, हेही ८७ व्या प्रकरणाच्या टिपेत नमूद आहे. म्हणजे एकाच दुकानात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या मुलांच्या दुचाकीचे आणि तीनचाकीचे क्रमांक वेगळे असतात. व्यायामशाळेतील जागच्या जागी चालवायची सायकल तर क्रीडासाहित्याच्या ९५०६ या शीर्षकाखाली जाते. नावात ‘सायकल’ हा शब्द असणे पुरेसे नाही, एवढा बोध यातून घ्यायचा.

सुटी सायकल, पूर्ण सायकल

सर्वाधिक वाद होतात ते सुट्या स्वरूपात आलेल्या सायकलीवरून. जोडलेली सायकल जागा फार खाते. एकाच कंटेनरमध्ये सुट्या स्वरूपातील सायकली कितीतरी अधिक मावतात. त्यामुळे माल सुट्या स्वरूपात मागविणे व्यापारी दृष्टीने रास्तच आहे. अडचण येते ती बीजकावर ‘सायकलीचे सुटे भाग’ असे लिहून आल्यावर. आपल्याकडे पूर्ण सायकलीवरील शुल्क सुट्या भागांपेक्षा जड राहिलेले आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सायकलीवरील मूळ सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के करण्यात आले होते. पुढे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने औद्योगिक मालावरील सात शुल्कदर काढून टाकले आणि दररचना बदलली. दर असे वर्षागणिक बदलतात. वर्गीकरणाचे तत्त्व मात्र बदलत नाही.

ते तत्त्व नियम २(अ) मध्ये आहे. एखादी वस्तू अपूर्ण असली, तरी तिच्यात पूर्ण वस्तूचे मूलभूत स्वरूप आले असेल, तर ती पूर्ण वस्तूच समजावी. आणि पूर्ण वस्तू सुटी करून आणली, तरीही ती पूर्णच समजावी, असे हा नियम सांगतो. शंभर फ्रेम, दोनशे चाके, शंभर हँडल, शंभर सीट आणि तितकेच पायडलचे जोड एकाच कंटेनरमध्ये आले, तर बीजकावर काहीही लिहिलेले असो, सीमाशुल्क अधिकाऱ्याला तेथे शंभर सायकलीच दिसणार. उलट, केवळ फ्रेम आल्या तर त्या फ्रेमच राहतात. या दोन टोकांच्या मध्ये जे असते, तेथे ‘मूलभूत स्वरूप’ या दोन शब्दांचा कस लागतो.

हा नियम माल ज्या स्थितीत सादर होतो, त्या स्थितीला लागू होतो. दूरचित्रवाणी संचांचे भाग अनेक वेगवेगळ्या खेपांतून आणल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले. निरनिराळ्या वेळी सादर झालेले भाग कागदावर एकत्र जोडून त्यांना पूर्ण संच ठरविता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तथापि हा निर्णय म्हणजे पळवाट सापडली, असे मानणाऱ्या व्यापाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. प्रत्येक खेपेची वस्तुस्थिती स्वतंत्रपणे तपासली जाते, आणि कागदोपत्री केलेली विभागणी प्रत्यक्ष व्यवहाराशी जुळली नाही, तर ती टिकत नाही.

सायकल आणि तिचे भाग यांच्यातील ही सीमारेषा केवळ भारतातच वादाची आहे, असे नाही. युरोपीय समुदायाने १९९३ मध्ये चीनमधून येणाऱ्या सायकलींवर ३०.६ टक्के डंपिंगविरोधी शुल्क बसविले. त्यानंतर सुटे भाग आणून युरोपातच जोडणी करण्याचा मार्ग निघाला, म्हणून १९९७ मध्ये हे शुल्क सायकलीच्या आवश्यक भागांनाही लागू करण्यात आले. २००५ मध्ये दर ४८.५ टक्क्यांवर गेला. २०१३ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका आणि ट्युनिशिया या देशांतून पाठविल्या जाणाऱ्या सायकलींपर्यंत त्याची व्याप्ती वाढली, आणि २०१९ मध्ये चिनी विद्युत सायकलींवरही स्वतंत्र शुल्क आले. शुल्काच्या पुढे व्यापार धावतो आणि व्यापाराच्या मागे कायदा, असा हा जवळजवळ तीन दशकांचा पाठलाग आहे. लुधियानाच्या कारखानदारीमुळे सायकल उत्पादनात चीनखालोखाल स्थान मिळविणाऱ्या भारतात सीमाशुल्क यंत्रणेने या सीमारेषेवर बारीक नजर ठेवावी, यात नवल नाही.

मोटर लागताच

अलीकडच्या काळात विद्युत सायकलीने आणखी एक पेच निर्माण केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, विहित अटी पूर्ण करणारी बॅटरीवरील दुचाकी ही मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही. विक्रेता तिला सायकल म्हणतो, ग्राहक सायकल म्हणूनच विकत घेतो, आणि परिवहन कायदाही तिला मोटार वाहन मानत नाही. साहजिकच आयातदार ८७१२ हा क्रमांक लिहून मोकळा होतो.

येथेच चूक होते. ८७१२ हे शीर्षक मोटर नसलेल्या सायकलींपुरतेच आहे. सहायक मोटर बसविलेली सायकल मोटारसायकलींसह ८७११ या शीर्षकाखाली येते, आणि विद्युत मोटरवर चालणाऱ्या अशा वाहनांसाठी २०१७ पासून ८७११ ६० हे स्वतंत्र उपशीर्षक आहे. पायडल मारल्याशिवाय ती चालत नसली, तरी यात फरक पडत नाही. एका कायद्यातील व्याख्या दुसऱ्या कायद्यात नेता येत नाही, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते. व्यवहारात मात्र त्याचा विसर पडतो.

चुकीची किंमत

या चुकांची किंमत किती असू शकते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. इंदूरमधील एक सायकल विक्रेता दोन वर्षांत सहा खेपा मागवितो, असे समजू. प्रत्येक खेपेचे मूल्य ४० लाख रुपये असून तिच्यातून त्याला ४ लाख रुपये नफा होतो. त्याने वापरलेला क्रमांक आणि योग्य क्रमांक यांच्या शुल्कात १५ टक्क्यांचा फरक आहे. अशा वेळी प्रत्येक खेपेमागे ६ लाख आणि सहा खेपांवर ३६ लाख रुपयांचे शुल्क कमी भरले गेले. त्याचा दोन वर्षांचा एकूण नफा आहे २४ लाख. म्हणजे केवळ शुल्कफरक भरण्यासाठी सर्व नफा देऊन वर १२ लाख रुपये भांडवलातून काढावे लागतील. सायकली तर केव्हाच विकल्या गेलेल्या असतात. वाढीव शुल्क ग्राहकांकडून आता वसूल होणे शक्य नसते.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २८ नुसार कमी भरलेल्या शुल्काची मागणी साधारणपणे दोन वर्षांच्या आत करता येते. हेतुपुरस्सर खोटे कथन किंवा माहिती दडविणे सिद्ध झाले, तर ही मुदत पाच वर्षांची होते आणि दंड शुल्काइतका असू शकतो. थकलेल्या शुल्कावर वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागते. २०११ पासून स्वयंनिर्धारणाची पद्धत आल्यामुळे बिल ऑफ एन्ट्रीवर योग्य क्रमांक लिहिण्याची प्राथमिक जबाबदारी आयातदाराचीच आहे. ‘दलालाने लिहिले’ किंवा ‘पुरवठादाराच्या बीजकावर तोच क्रमांक होता’ हा बचाव फारसा उपयोगी पडत नाही. पुरवठादाराचा क्रमांक त्याच्या देशाच्या अनुसूचीप्रमाणे असतो. त्यातील पहिले सहा अंकच आपल्याशी जुळतात, आणि तेही त्याने बरोबर लिहिले असतील तरच.

कायदा केवळ कठोर आहे, असे मात्र नाही. मालाचे वर्णन प्रामाणिक व पूर्ण असेल, तर विशिष्ट वर्गीकरणाचा दावा करणे म्हणजे खोटी घोषणा करणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले आहे. शंका असल्यास कलम १८ खाली बंधपत्र व हमी देऊन तात्पुरते निर्धारण करून घेता येते. २०२५ च्या वित्त अधिनियमाने, माल सोडविल्यानंतरही आयातदाराला आपल्या नोंदीत स्वतःहून दुरुस्ती करण्याची तरतूद केली आहे. सर्वांत उपयुक्त सोय मात्र आगाऊ निर्णयाची, म्हणजे अॅडव्हान्स रुलिंगची आहे. दिल्ली व मुंबई येथील प्राधिकरणांकडे आयातीपूर्वीच अर्ज करून वर्गीकरणाविषयी निर्णय मागता येतो. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. तो निर्णय अर्जदारावर आणि त्याच्या प्रकरणापुरता सीमाशुल्क खात्यावरही बंधनकारक असतो, आणि कायद्यात किंवा वस्तुस्थितीत बदल न झाल्यास विहित मुदतीपर्यंत टिकतो. अर्जदाराच्या बाबतीत तोच प्रश्न अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे प्रलंबित असेल, तर मात्र हे दार बंद होते. वेळेचे महत्त्व ते हेच.

बँकेचे काम कोणते?

यावर बँकेतील अनुभवी मंडळी लगेच एक आक्षेप घेतील. पतपत्राचे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे १ जुलै २००७ पासून लागू असलेले ‘यूसीपी ६००’, आपल्या पाचव्या अनुच्छेदात स्पष्ट सांगतात की, बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. कागदपत्रे अटींप्रमाणे असली, की बँकेने रक्कम द्यावी. पेटीत सायकल आहे की सायकलीचे भाग, हे पाहणे तिचे काम नाही.

हा आक्षेप अर्धाच खरा आहे. तो नियम पुरवठादाराच्या बँकेशी असलेल्या नात्यापुरता आहे, आणि त्या मर्यादेत तो योग्यच आहे. परंतु ज्या शाखेने पतपत्र उघडले, तिनेच बहुधा त्या ग्राहकाला खेळते भांडवलही दिलेले असते. पुरवठादाराला रक्कम अदा झाली, माल मात्र वर्गीकरणाच्या वादात बंदरातच अडकला, तर विलंबाचे आकार वाढत जातात, विक्रीचा हंगाम निघून जातो आणि तारण म्हणून दाखविलेला साठा गोदामात पोहोचतच नाही. कागदपत्रांचा व्यवहार पूर्ण झालेला असतो. कर्जाचा व्यवहार मात्र संकटात सापडतो. तात्पुरत्या निर्धारणासाठी हमी हवी असेल, तेव्हा ग्राहक पुन्हा बँकेच्याच दारात येतो. ऑक्टोबर २०१६ पासून आयातीच्या नोंदींची माहिती संगणकीय प्रणालीद्वारे सीमाशुल्क खात्याकडून बँकांकडे येऊ लागली आहे. म्हणजे मालाची ओळख बँकेपर्यंत पोहोचते, पण पैसे अडकल्यानंतर.

म्हणून कर्ज देणारी संस्था या नात्याने बँकेने तीन प्रश्न आधीच विचारावेत. पतपत्राच्या अर्जात लिहिलेला आठ अंकी क्रमांक कोणी व कशाच्या आधारे ठरविला? माल पूर्ण, सुट्या की अर्धवट स्वरूपात येणार आहे, आणि प्रोफॉर्मा बीजकावरील वर्णन त्याच्याशी जुळते काय? वाद उद्भवल्यास वाढीव शुल्क भरण्याची तरतूद ग्राहकाच्या रोकड अंदाजपत्रकात आहे काय? या तिन्ही प्रश्नांना अर्जाच्या नमुन्यात अर्धे पान पुरेल. उत्तर डळमळीत वाटल्यास ग्राहकाला तज्ज्ञाचा सल्ला घेण्यास किंवा आगाऊ निर्णय मागण्यास सुचवावे.

यात एक मर्यादा पाळणे आवश्यक आहे. बँकेच्या अधिकाऱ्याने स्वतः क्रमांक सुचवू नये. तो अधिकार त्याचा नाही, आणि चुकल्यास दोषही पदरी येईल. प्रश्न विचारणे आणि उत्तर देणे यांत अंतर आहे. बँकेने पहिले काम करावे. डॉक्टर नसलेला घरचा वडीलधारी माणूसही ‘ताप किती दिवस आहे?’ एवढे विचारतोच.

या चौकशीने कामाचा बोजा वाढेल आणि ग्राहक दुसऱ्या बँकेकडे जाईल, अशी भीती व्यक्त केली जाते. प्रत्यक्षात मोठ्या आयातदारांकडे सल्लागारांची फौज असते. त्यांना या प्रश्नांचे ओझे वाटणार नाही. खरी गरज आहे ती पुण्यातील, बेळगावातील, बडोद्यातील किंवा इंदुरातील अशा दुकानदाराला, जो प्रथमच गिअरच्या सायकली परदेशातून थेट मागवीत आहे. त्याने घर तारण ठेवून मर्यादा मंजूर करून घेतलेली असते. त्याला अध्याय आणि शीर्षके ठाऊक नसतात. शाखेतील अधिकारी मात्र ठाऊक असतो. वेळेवर विचारलेला एक प्रश्न त्याच्यासाठी व्याजदरातील पाव टक्क्याच्या सवलतीपेक्षा अधिक मोलाचा ठरू शकतो.

‘ही सायकलच आहे काय?’ हा प्रश्न बंदरावर विचारला गेला, तर त्याची किंमत लाखांत मोजावी लागते. शाखेतील टेबलावर तोच प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात. पतपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी ती पाच मिनिटे ग्राहकाने मागावीत, आणि बँकेने ती आनंदाने द्यावीत.